बांबर्डेकर मास्तरांची कवळी

माझ्या खुर्चीत बसलेल्या माणसाला ‘आ करा’ म्हटलं की तो तोंड उघडतो. बांबर्डेकर मास्तरांनी पेटी उघडली.

दुपारची वेळ होती. मुलुंड पूर्वेच्या माझ्या दवाखान्याचं पुढचं शटर मी अर्धं खाली ओढलं होतं आणि डबा उघडून बसले होते, तेवढ्यात मागच्या दाराची कडी वाजली. त्या दाराने माझ्याकडे फक्त कचरा न्यायला बाई येते. उघडून बघते तर सत्तरीच्या पुढचे एक बारीक अंगाचे गृहस्थ. पांढरा बुशशर्ट, तोंडावर घडी केलेला रुमाल आणि हातात काळी लांबट पेटी.

“पुढच्या दाराने या की,” मी म्हणाले.

“समोरच्या बिल्डिंगमध्ये माझा एक विद्यार्थी राहतो,” ते रुमालामागून म्हणाले.

दातांच्या डॉक्टरकडे येण्यात लपवण्यासारखं काय आहे हे मला कळेना, पण मी त्यांना आत घेतलं. खुर्चीत बसले, तर मांडीवर पेटी. ती उघडली, आत सॅक्सोफोन. त्याचा वरचा काळा तुकडा, ज्याला ते माउथपीस म्हणत, तो काढून त्यांनी माझ्या हातात दिला.

“डॉक्टर, दात नंतर बघा, आधी हे बघा. वरचे पुढचे दात याच्यावर टेकतात. खालचा ओठ असा आत घ्यायचा, या रीडच्या खाली. आता वरचे दातच हलायला लागले तर सूर कशावर उभा राहणार?”

रीड म्हणजे बोरूची एक पातळ पट्टी. फुंकलं की ती थरथरते आणि आवाज निघतो. हे सगळं त्यांनी मला इतकं सविस्तर सांगितलं, की शेवटी मीच म्हणाले, “मास्तर, आता तोंड दाखवता का?” तेव्हा कुठे रुमाल खाली आला. वरचे सगळेच दात हिरड्यांनी सोडून दिले होते. हाड झिजलेलं, त्यात जुना मधुमेह. दात काढून कवळी बसवण्याशिवाय दुसरा उपाय नव्हता, आणि तसं मी सांगितलं. त्यांनी माउथपीस माझ्या हातातून परत घेतला आणि म्हणाले, “कुणाला सांगणार नाही ना तुम्ही?”

मी हसले. एवढ्या वर्षांत माझ्याकडे कवळीला घाबरणारे आले, वेदनेला घाबरणारे आले, बायकोला घाबरणारेही आले. कवळीची लाज वाटणारे मात्र हेच पहिले.

लाजणं त्यांच्या हाडातच होतं. भांडुपच्या टेंभीपाड्यात राहायचे. वडील गिरणीत होते. पोराने निदान पोटापुरतं काहीतरी शिकावं म्हणून त्यांनी त्याला लग्नाच्या बँडमध्ये घातलं. तिथे आधी क्लॅरिनेट, मग सॅक्सोफोन. पुढे एका म्हाताऱ्या गोवेकराच्या नजरेला पडले आणि त्याने त्यांना जॅझ शिकवलं. मग हॉटेलांमधून वाजवलं, रेकॉर्डिंगला वाजवलं, जाणकार माणसं नाव घ्यायला लागली. पण ‘तुम्ही कुठे शिकलात?’ असं कुणी विचारलं की मास्तर अजूनही जमिनीकडे बघून ‘असंच’ म्हणायचे. ‘सर’ म्हटलेलं त्यांना चालायचं नाही. ‘मास्तर’ चालायचं, कारण ते बँडमधलं होतं आणि त्यात काही वाढवून सांगितलेलं नव्हतं.

दात काढल्यावर जखमा भरेपर्यंत ते बरेचदा यायचे, अर्थात मागच्या दाराने. असंच एकदा मी विचारलं, की एवढी लाज कसली हो वाटते तुम्हाला? तेव्हा त्यांनी मला वरातीची गोष्ट सांगितली.

बँडमध्ये असताना घाटकोपरला एका लग्नाला गेले. लाल कोट, खांद्यावर जरीची झालर, डोक्यावर तुरा. नवरा घोड्यावर बसून बाहेर आला तर तो यांच्या शाळेतला, एका बाकावर बसणारा मित्र निघाला. मास्तर ढोलवाल्याच्या मागे सरकले, वाद्य तोंडापुढे उंच धरलं. पण मित्राने ओळखलंच. घोड्यावरून उतरला, सगळी वरात ओलांडून आला आणि यांना कडकडून मिठी मारली.

“मग चांगलंच झालं की,” मी म्हणाले.

“काय चांगलं झालं? माझ्यामुळे वरात थांबली. नवरदेवाचा फेटा सुटला, त्याची आई ओरडली, आणि मी लाल कोटात उभा. त्याने मला हाकलून दिलं असतं ना डॉक्टर, तर मी दोन शिव्या घातल्या असत्या आणि विसरून गेलो असतो. मिठी मारणाऱ्याला काय करणार?”

हे सांगताना त्यांचे कान खरोखर लाल झाले होते. पन्नास वर्षांनंतर! मला हसूही आलं आणि थोडी काळजीही वाटली.

कवळी तयार झाली. मी ती बसवली, आरसा दाखवला, “आता वाजवून बघा” म्हणाले. पण ते दवाखान्यात वाजवायला तयार होईनात. समोर विद्यार्थी! मग असं ठरलं, की मुलुंड पश्चिमेच्या ज्या कॉलेजात ते शनिवारी शिकवतात तिथे मी जावं, मागे बसावं आणि वाजवताना कवळी कशी राहते ते लांबून बघावं. मी कोण आहे हे मात्र सांगायचं नाही.

तर अशी मी एका शनिवारी कॉलेजच्या तिसऱ्या मजल्यावर गेले. खोलीत एका कोपऱ्यात योगाच्या चटयांची चळत, दुसऱ्या कोपऱ्यात वक्तृत्व स्पर्धेच्या ढाली, आणि मधल्या जागेत मास्तरांची तीन पोरं. कीबोर्डवर आर्या, ड्रमवर मिहिर आणि बास गिटारवर फैझान. मास्तरांनी माझी ओळख ‘ओळखीच्या बाई, संगीताची आवड आहे’ अशी करून दिली. आर्या लगेच म्हणाली, “वॉव आंटी, तुम्ही जॅझ ऐकता?” मी हो म्हणाले. त्याआधी मी जॅझचा एक सूरही मन लावून ऐकला नव्हता.

शिकवणारा माणूस पुढे उभा असतो अशी माझी समजूत. मास्तर पोरांच्या मागे, भिंतीला टेकलेल्या स्टुलावर बसायचे. पोरं वाजवायला लागायची आणि ते डोळे मिटून ऐकायचे. दात काढल्यापासून दोन-अडीच महिने त्यांनी वर्गात तोंडावर रुमाल धरून नुसतं हेच केलं होतं. ‘मी आता फक्त ऐकणार,’ असं पोरांना सांगून टाकलं होतं. पोरांना वाटलं, मास्तर कुठल्या तरी वरच्या पायरीला पोचले. खरं कारण माझ्या दवाखान्यात प्लास्टरच्या साच्यात होतं.

मग खेळ सुरू झाला. आधी सगळ्यांनी मिळून एक चाल वाजवायची. मग एकेकाने टर्न घ्यायचा. त्या वेळात त्याने मनाला येईल ते वाजवायचं, जागच्या जागी रचायचं, बाकीच्यांनी त्याला नुसता आधार द्यायचा. मास्तरांचा नियम एकच होता. ज्याचा टर्न, त्याची जागा. त्याला सुचलं नाही, तो गप्प राहिला, तरी ती जागा त्याचीच. मध्ये कुणी घुसायचं नाही. मिहिरला फार घाई. आर्या जरा अडखळली की हा ड्रमवर तडतड करून जागा भरून काढायचा. मास्तर मागून ओरडायचे, “आयक मरे आधी! तिचं घर आहे ते. तू कशाला चप्पल घालून शिरतोस?”

एकदा आर्याचं बोट भलत्याच पट्टीवर पडलं. मलासुद्धा कळलं, इतकं ते वाईट लागलं. ती थांबून “सॉरी मास्तर, वाट लागली यार” असं म्हणते न म्हणते, तोच मागून सॅक्सोफोन आला. मास्तरांनी तोच चुकीचा सूर उचलला, जरा लांबवला, त्याच्या आजूबाजूला आणखी चार सूर ठेवले, आणि बघता बघता तो तिथलाच वाटायला लागला. पोर गालात हसली आणि पुढे वाजवायला लागली. हे सगळं पाणी पिण्याइतकं सहज झालं. मी कवळी बघायला गेले होते, पण त्या वेळी कवळी विसरून गेले.

कवळी तशी ठीक बसली होती. पण मास्तरांचं समाधान होईना. कधी पुढे टोचते, कधी मागे उलटीसारखं होतं, कधी माउथपीस दातांवरून घसरतो. ते यायचे, मी थोडंफार घासून द्यायचे, परत यायचे. असं आठ-दहा वेळा झाल्यावर एकदम येईनासे झाले. सवय झाली असेल, असं मी धरून चालले. आमच्या धंद्यात पेशंट आला नाही म्हणजे बरा आहे असं समजतात, किंवा दुसऱ्या डॉक्टरकडे गेला असं.

मग त्यांचा फोन आला. अंधेरीला एका सभागृहात कार्यक्रम होता. वेगवेगळ्या कॉलेजांच्या मुलांचे बँड आणि त्यांच्याबरोबर एकेक बुजुर्ग कलाकार. “तुम्ही या,” मास्तर म्हणाले. “यजमानांनाही आणा.” मी नवऱ्याला घेऊन गेले. तो बँकेत आहे आणि कुठल्याही संगीतात त्याला दहा मिनिटांनी झोप येते, पण त्या दिवशी तो जागा होता.

मास्तरांच्या पोरांनी दोन चाली चांगल्या वाजवल्या. शेवटच्या चालीत मास्तरांचा टर्न आला. ते माइकपाशी आले, डोळे मिटले आणि त्यांनी असं काही सुरू केलं, की माझ्या पुढच्या रांगेतल्या माणसाने हातातला मोबाइल खाली ठेवला. काय वाजवत होते ते मला सांगता येणार नाही. भर गर्दीत कुणीतरी फक्त तुमच्याशी हळू बोलावं, तसं वाटत होतं. ते चढत गेलं, चढत गेलं, आणि एकदम तुटलं.

मास्तरांनी माउथपीस तोंडातून काढला. मान खाली घातली. डावा हात वर आला आणि ओठांवर बसला.

मला त्याच क्षणी कळलं. सभागृहातल्या एवढ्या माणसांत फक्त मला आणि त्यांना ठाऊक होतं, की कवळी सुटली आहे. मी बनवलेली कवळी, माझ्या हातची!

आणि पोरं? त्यांना काय माहीत? मास्तरांचा टर्न होता, ती जागा मास्तरांची होती. कुणी घुसलं नाही. मिहिर, जो एरवी एक क्षण रिकामा जाऊ देत नाही, तो ड्रमच्या कडेवर नुसता बोटांनी ताल धरून बसला. फैझान एकच खालचा सूर हलकेच पुन्हा पुन्हा देत राहिला. आर्याने दोन्ही हात पट्ट्यांवर अधांतरी धरले होते आणि मध्येच एखादाच सूर ती असा ठेवायची, जसं झोपलेल्या माणसाच्या अंगावर पांघरूण घालावं. मास्तर मान खाली घालून उभे. अख्खा टर्न असा गेला. सभागृहात कुणी खोकलंसुद्धा नाही. अगदी शेवटी मास्तरांनी जिभेने कवळी कशीबशी वर दाबली असावी, कारण त्यांनी वाद्य ओठांना लावलं आणि एक, एकच खालचा सूर वाजवला.

लोक उभे राहिले. मी इतक्या टाळ्या त्यापूर्वी कुठल्याही कार्यक्रमात ऐकल्या नव्हत्या. माझ्या शेजारचा जाडा माणूस डोळे पुसत म्हणाला, “क्या पॉज लिया बॉस, क्या पॉज लिया!” माझा नवरा, ज्याला झोप लागते तो, माझ्याकडे वळून म्हणाला, “असं थांबायलासुद्धा आयुष्यभराची साधना लागते गं.” मी मान डोलावली. मास्तर ओठांवर हात ठेवून उभे होते, ना वाकले, ना हसले. लोकांना वाटलं, केवढी ही विनम्रता. टाळ्या आणखी वाढल्या. मला मात्र लाल कोटातला तो पोरगा दिसत होता, ज्याला मिठी मारली जात होती.

दुसऱ्या दिवसापासून तो व्हिडिओ सगळीकडे फिरायला लागला. माझ्या बहिणीने पुण्याहून मलाच पाठवला, ‘हे बघ, तुमच्या मुंबईचा ग्रेट माणूस’ असं लिहून. खाली लोकांनी काय काय लिहिलं होतं. शांततेचा सूर, मौनाचा महिमा. एकाने तर या थांबण्यावर लांबलचक विवेचन केलं होतं. मी ते वाचलं आणि फोन उलटा ठेवला.

पंधरा दिवसांनी मास्तर आले. या वेळी पुढच्या दाराने, ऐन संध्याकाळच्या गर्दीत. बाहेर बाकावर पेशंट बसले होते, त्यातल्या एकाने त्यांना ओळखून नमस्कारही केला. मास्तर आत आले, खुर्चीत बसले आणि कवळी काढून माझ्या ट्रेमध्ये ठेवली.

मी ती दिव्याखाली धरली आणि मला धक्काच बसला. मागची कड, जी टाळूला घट्ट चिकटून आतली हवा अडवते आणि जिच्या जोरावर वरची कवळी तोंडात राहते, ती कड जवळजवळ नव्हतीच. घासून घासून पार पातळ केली होती. पुढच्या दोन दातांवर माउथपीस टेकायला बारीक खाच पाडली होती.

“हे कुणी केलं?”

“मी.”

“कशाने?”

“रीडच्या पॉलिशपेपरने.” ते खाली बघून बोलत होते. “रीड नवी असली की बोलत नाही, डॉक्टर. थोडी घासायची, वाजवून बघायची, परत थोडी घासायची. मग ती बोलते. आयुष्यभर तेच केलं. ही टोचायची, मागे उबळ यायची. तुम्हाला परत परत कुठे त्रास द्यायचा? मला वाटलं, दोन हात मारले की हीपण बोलेल.”

“मास्तर, ही काय रीड आहे?” माझा आवाज चढला. “ती कडच तिला धरून ठेवते. तीच तुम्ही उडवलीत! आणि वर मला वाटत राहिलं, की माझंच काम कच्चं झालं.”

“तुम्हाला तसं वाटलं?” त्यांनी मान वर केली. “अरे देवा. म्हणजे तुम्हीपण फसलात!”

मग त्यांनी मला खरं दुखणं सांगितलं. कार्यक्रमानंतरच्या शनिवारी आर्या आपल्या टर्नमध्ये मध्येच थांबली. पूर्ण टर्न थांबली. बाकीच्यांनी माना खाली घालून ऐकलं. पुढच्या शनिवारी फैझानही थांबला. मिहिर तर हवेत काठ्या धरून समाधी लागल्यासारखा बसला. आर्या आता खालच्या वर्गातल्या मुलांना थांबायचं कसं ते शिकवायला लागली होती.

“चांगली वाजवते हो ती पोर,” मास्तर म्हणाले. “हातात आहे तिच्या. आणि आता तिथेच थांबते, जिथे काहीतरी येणार असतं. का थांबलीस विचारलं, तर म्हणते, मास्तर, तुम्ही थांबलात ना. आता मी तिला काय सांगू? माझी कवळी सुटली होती म्हणून?”

मी दाराकडे बघितलं. बाहेर पेशंट होते. मग आवाज खाली आणून मी जे बोलले, ते मला आजही आठवतं आणि नको वाटतं. मी म्हणाले, “जाऊ द्या ना मास्तर. कुणाला कळणार आहे? चार दिवसांनी पोरं आपोआप विसरतील. मी कवळी नवी करून देते, परत काही होणार नाही. एवढं नाव झालंय, ते कशाला घालवताय?”

आणि मी हे का म्हणाले? थोडं त्यांच्यासाठी, हे खरं. पण त्या व्हिडिओत सुटलेली कवळी माझी आहे, हे गावभर होऊ नये असंही कुठेतरी होतंच. मास्तरांनी ते ओळखलं की नाही, कुणास ठाऊक. ते माझ्यावर रागावले नाहीत. नुसते म्हणाले, “नवी कवळी कधी मिळेल?”

“पुढच्या आठवड्यात. तोवर ही घालू नका.”

“म्हणजे या शनिवारी मी असाच.” त्यांनी बोळक्या तोंडावरून हात फिरवला. “बरं झालं. असाच जातो. तुम्ही याल? मी सांगायच्या आधी पळून जायला लागलो तर दार अडवायला कुणीतरी पाहिजे.”

ते थट्टेने म्हणाले. मी माप घेतलं. त्या मापाच्या वेळी त्यांनी एकदाही तोंड वळवलं नाही.

शनिवारी मी गेले. मास्तर नेहमीच्या स्टुलावर बसले नाहीत. पोरांच्या पुढे जाऊन उभे राहिले. वरचा ओठ आत गेलेला, गाल बसलेले, एकदम दहा वर्षांनी म्हातारे दिसत होते. पोरं बघतच राहिली. मिहिर घाबरून म्हणाला, “मास्तर, तुम्हाला काय झालं?”

“काही नाही झालं. मी असाच आहे,” मास्तर म्हणाले आणि त्यांनी सगळं सांगितलं. दात कधी काढले, ‘फक्त ऐकणार’ असं का म्हणालो, कवळी कशाने घासली, स्टेजवर काय झालं. दात नसल्यामुळे शब्द फुसफुसत बाहेर येत होते, पण त्यांनी एकही गाळला नाही.

मिहिरला हसू आलं. त्याने ते दाबायचा खूप प्रयत्न केला, पण फुटलंच, आणि मग तोच कानकोंडा होऊन ड्रमच्या मागे वाकला. फैझान आपल्या बुटांकडे बघत होता. आर्या मात्र लालबुंद झाली होती.

“म्हणजे काय मास्तर?” तिचा आवाज फुटला. “मी त्या सगळ्यांना शिकवते ते काय मग? मी घरी रडले होते त्या दिवशी. मला वाटलं, मला पहिल्यांदा काहीतरी ऐकू आलं. आणि ते काहीच नव्हतं? मी गाढवासारखी...”

“थांब,” मास्तर म्हणाले. “तू ऐकलंस ते होतं. मी नव्हतो तिथे. मी कवळी सांभाळत होतो. त्या वेळात वाजवलं कुणी? ह्याने बोटांनी ताल धरला. ह्याने खालचा सूर सोडला नाही. आणि तू काय ठेवत होतीस मध्ये मध्ये, मला आठवतंय. एकेक. लोक उठून उभे राहिले ते त्याला. टाळ्या तुमच्या तिघांच्या होत्या आणि मी तिथे तोंड झाकून उभा राहून त्या घेतल्या. पंधरा दिवस घेत राहिलो. लाज त्याची वाटते मला. कवळीची नाही.”

आर्याने ओढणीने नाक पुसलं. ती त्यांच्याकडे बघत नव्हती. मला वाटलं, आता ही उठून जाणार.

मास्तरांनी पेटी उघडली. वाद्य गळ्यात अडकवलं, दोन्ही ओठ आत दुमडले, माउथपीस त्यांच्यामध्ये धरला आणि फुंकलं. आधी नुसती हवा आली. मग एक चिरका आवाज, तो मध्येच मोडला. थुंकी हनुवटीवर उतरली. त्यांनी परत फुंकलं. सूर आला, पातळ, थरथरता, खरं सांगायचं तर कानांना नकोसा. अंधेरीच्या सभागृहात तो वाजला असता तर लोकांनी एकमेकांकडे बघितलं असतं. मी जमिनीकडे बघत राहिले. दिवसभर लोकांच्या तोंडात डोकावणारी मी, पण त्या वेळी त्यांच्या तोंडाकडे मला बघवेना.

“डॉक्टर,” त्यांनी हाक मारली. आर्याने चमकून माझ्याकडे बघितलं. संगीताची आवड असलेली आंटी! “डॉक्टर, अशा लांब काय बसल्यात? पुढे या. जरा बघा, हवा कुठून निसटते.”

मी उठले. तीन पोरांसमोर मी त्यांच्या जवळ गेले, वाकले, आणि ते फुंकत असताना त्यांच्या ओठांकडे बघितलं, जसं माझ्या खुर्चीत बघते तसं.

“डावीकडून,” मी म्हणाले. “वरच्या ओठाच्या कोपऱ्यातून.”

त्यांनी डावा कोपरा बोटाने आत सारला आणि परत फुंकलं. आता हवा कमी गेली. मिहिरने काठ्या उचलल्या आणि हळूच ताल धरला, फैझान त्यात शिरला. मास्तर आपला टर्न वाजवत राहिले. कुठे सूर फाटत होता, कुठे नुसता श्वास ऐकू येत होता, पण ते जिथे जायचं होतं तिथे जात होते, आणि एकाही जागी थांबत नव्हते. कपाळावर घाम आला होता. टर्न संपला तसा त्यांनी माउथपीस काढला, हनुवटी बाहीने पुसली आणि आर्याकडे बघून मान हलवली.

तिचे डोळे अजून ओले होते आणि ओठ रागाने घट्ट मिटलेले. हात पट्ट्यांवर अधांतरी राहिले. क्षणभर मला वाटलं, झालं, थांबली.

ती थांबली नाही.